बिघाड सांध्यावर होतो



गळीत हंगाम संपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, आणि शेतकी खात्यात आता आडसाली लागणीच्या नोंदींची गडबड सुरू होईल. एरवी या दिवसांत बांधावर भेटणारा सभासद विचारतो, "साहेब, को ८६०३२ च लावू का दुसरं काही?" गेली दोन-तीन वर्षे मात्र दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न निराळाच येतो. "साहेब, पोराला कुठं घालू?"

मी ऊस विकास अधिकारी. बेणे, खत, पाणी आणि पाचट एवढ्यावर बोलायचा माझा अधिकार. तरी या प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो. बेणे चुकले तर एक लागण आणि तिचा खोडवा हातचा जातो. शिक्षण चुकले तर पोराची उमेदीची वर्षे जातात, आणि बापाचे कर्ज मागे राहते.

आधी गेल्या हंगामातली एक गोष्ट सांगतो. जानेवारीत आपल्या एका सभासदाच्या फडात ऊसतोडणी यंत्र भर दुपारी उभे राहिले. समोरच्या पडद्यावर तांबडा दिवा आणि एक नंबर. यंत्र काही केल्या हलेना. ऑइलचे काम जाणणारा मिस्त्री आला. त्याने पंप पाहिला, होज पाहिले, दाब मोजला. म्हणाला, "ऑइल बरोबर आहे. माझ्याकडनं काही नाही." मग इलेक्ट्रिशियन आला. बॅटरी, फ्यूज, स्टार्टर सगळे तपासून म्हणाला, "करंट येतोय. माझ्याकडनं बी काही नाही." दोघेही आपापल्या कामात पक्के, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते. कंपनीचा माणूस परवा येतो म्हणाला. तोडलेल्या कांड्या वाहनात तशाच तापत राहिल्या. यंत्राने तुकडे केलेला ऊस अखंड उसापेक्षा लवकर खराब होतो, त्याचे वजनही घटते आणि साखरही, हे मी आपल्याला नव्याने सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला एक मुलगा जत्रेसाठी सुटीवर आला होता, त्याला कोणीतरी बोलावून आणले. आयटीआय करून चाकणच्या बाजूला नोकरीला लागलेला, वय जेमतेम बावीस. त्याने हातात पाना घेतला नाही. पहिल्यांदा विचारले, "पडद्यावर नंबर कोणता येतोय?" पुस्तकात तो नंबर काढला, ज्या सेन्सरकडे तो बोट दाखवत होता तिथपासून वायर चाचपत गेला, आणि इंजिनामागच्या एका जोडाजवळ थांबला. उंदराने वायर कुरतडली होती! तासाभरात यंत्र सुरू झाले. दीड दिवस गेला होता तो गेलाच.

मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत होतो. बिघाड ऑइलमध्ये नव्हता, करंटमध्येही नव्हता. ऑइलचा निरोप करंटकडे जिथून जातो त्या सांध्यावर तो होता, आणि त्या सांध्यावर उभा राहणारा माणूस आपल्याकडे नव्हता. अशा सांध्यावर काम करण्याच्या विद्येला मेकॅट्रॉनिक्स म्हणतात.

नाव जड आहे, वस्तू जड नाही. मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन शब्द जोडून जपानमधील यास्कावा या मोटारी बनविणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली हा शब्द घडवला. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यांची एक अडचण होती. गाडीचे मॉडेल बदलले की यंत्रे चालविणाऱ्या रिलेंच्या कपाटांचे वायरिंग नव्याने करावे लागे. वायरिंग तेच ठेवून फक्त हुकूम बदलता येतील असे काही द्या, अशी मागणी त्यांनी १९६८ मध्ये केली, आणि त्यातून पीएलसी नावाची पेटी पुढे आली. आज बहुतेक कारखान्यांत यंत्रांना 'चालू हो, थांब, हळू हो' हे सांगण्याचे काम ती करते.

आपल्या विहिरीवरचे उदाहरण घ्या. रात्री लाइट आली की ऑटो स्टार्टर मोटर सुरू करतो, एक फेज गेला की बंद करतो. पंप हे लोखंडाचे काम, मोटर हे विजेचे काम, आणि फेज आला-गेला हे ओळखणे इलेक्ट्रॉनिक्सचे. तिन्ही मिळून पाणी येते. मोटर चालू झाली नाही की आपण आधी वायरमनला फोन करतो, मग रिवाइंडिंगवाल्याला, मग स्टार्टरच्या दुकानदाराला. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि ऊस तहानलेला राहतो. तिन्ही कामे थोडी थोडी पक्की जाणणारा एक माणूस असेल तर त्याला तांत्रिक भाषेत मेकॅट्रॉनिक्स टेक्निशियन म्हणायचे.

आता आपल्या कारखान्यात या. गव्हाणीत मोळी टाकून आपण हंगामाची पूजा करतो, पण त्या गव्हाणीचा पट्टा आज ऊस किती उंच पडला आहे ते पाहून आपला वेग आपणच कमी-जास्त करतो. रसाचा सामू सतत मोजला जातो आणि त्या हिशेबाने चुना पडतो. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी, वाफेचा दाब, साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल मशिनचे फेरे, सगळ्यांचे निरोप एका खोलीतल्या पडद्यावर येतात. पूर्वीचे जुने कामगार व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून वाफेच्या आवाजावरून सगळे ओळखत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण ते एकामागून एक निवृत्त होत आहेत, आणि पडद्याच्या पलीकडे काही बिघडले की आपण बाहेरगावच्या माणसाची वाट पाहतो. मिल थांबली की मागे वाहनांची रांग लागते, आणि त्या रांगेत उभा ऊस कोणाचा असतो? आपलाच.

आता थोडे घरचे. मी मूळचा घाटाखालचा, महाड तालुक्यातल्या दासगावचा. सावित्रीच्या खाडीवरचे हे जुने बंदर. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आले ते बोटीने दासगावला उतरून. पुढे वाहतूक रस्त्याने होऊ लागली आणि बंदराचे काम संपले. गावचे गडी मुंबईला गिरणीत गेले. माझे वडील साचेखात्यात होते. साच्याच्या आवाजावरून धागा कुठे तुटणार हे त्यांना आधी कळे, असे त्यांचे सोबती सांगत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांना पुन्हा कामावर बोलावणे आले नाही. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. एक पत्र्याची ट्रंक घेऊन ते गावी परतले, आणि वीस वर्षांचे कसब त्या एका साच्याबरोबर संपले. त्यांची अक्कल कमी नव्हती. साचा का चालतो, मोटर का फिरते, नकाशा कसा वाचायचा हे त्यांना कोणी कधी शिकवलेच नाही. जे शिकले ते एका यंत्रापुरते. एवढे मला पुढे कळत्या वयात उमगले.

माझा थोरला भाऊ दासगावातच आहे. भाताचे चार तुकडे, त्यातला एक महामार्गाला लागून. २००५ च्या जुलैत गावावर दरड आली तेव्हापासून डोंगराकडच्या जमिनीचा भरवसा वाटत नाही, म्हणून रस्त्याकडेचा तो तुकडा घराला जिवापाड. त्याचा मुलगा यंदा दहावी झाला. मार्क मध्यम, पण गणित बरे, आणि हात चांगला. गावातल्या निम्म्या मिक्सरांचे आणि पंख्यांचे दवाखाने तोच चालवतो. त्याने सांगितले, "काका, मला मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचाय."

दादाचा बेत निराळा होता. मुलाला पनवेलला ठेवायचे, मोठ्या क्लासला घालायचे, बारावी झाली की मिळेल त्या खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगची पदवी. पैसे कुठून? रस्त्याकडेचा तुकडा गहाण टाकून. मी डिप्लोम्याचे नाव काढले तर म्हणाला, "डिप्लोमा म्हणजे अर्धा इंजिनिअर. लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "दादा, मीसुद्धा कृषी पदविकावालाच. पंचवीस वर्षं त्याच्यावर घर चाललंय." कोणी हसले नाही.

वहिनीचे म्हणणे त्याहून वेगळे. "भावोजी, कारखान्यातलं शिक्षणच नको." २०२३ च्या नोव्हेंबरात महाड एमआयडीसीत एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले. आमच्या भागात त्या दिवसांत कोणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. तिला मी लगेच उत्तर दिले नाही, कारण ती भीती खरी आहे. नंतर एवढेच म्हटले की शिकलेला मुलगा धोक्यापासून दूर राहील असे मी म्हणत नाही. पण दाब किती चढला, उष्णता किती वाढली, आपोआप बंद पडणारी यंत्रणा चालू आहे की कोणी वायर काढून ठेवली आहे, हे त्याला वाचता येईल. आणि 'हे बंद करा' म्हणताना त्याच्या हातात आकडा असेल. न शिकलेला मुलगाही शेवटी त्याच एमआयडीसीत जाणार आहे, ठेकेदाराचा माणूस म्हणून, आणि त्याला यातले काही कळणार नाही. वहिनी गप्प राहिली. पटले की नाही ते मला आजही ठाऊक नाही.

ज्या सभासदांच्या घरी हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी वाटा सांगतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स' नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दुसरी वाट पदविकेची, दहावीनंतर तीन वर्षे. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका झालेल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे पायऱ्या आहेत, रस्ता कुठे बंद नाही. फक्त गणित कच्चे राहिले तर वरच्या पायरीवर पाय अडतो, ते आधीपासून पक्के करून घ्यावे. आमच्या दासगावजवळ लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ च्या कायद्याने झालेले आणि डॉ. आंबेडकरांचेच नाव असलेले. ज्याला पुढे पदवीपर्यंत जायचे आहे त्याला घरापासून फार लांब जायला नको.

शिक्षणात काय असते? पहिल्यांदा कानस चालवणे, व्हर्निअर व मायक्रोमीटरने मोजणे, लेथ. मग वीज, मोटारी, रिले. मग हवेच्या आणि ऑइलच्या दाबावर चालणारी सिलिंडरे, सेन्सर, पीएलसी, आणि शेवटी संगणकावर चालणारी मशिने व रोबो. हा क्रम महत्त्वाचा. ज्याने कानस धरली नाही त्याला रोबो दुरुस्त करता येणार नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत आणि कमान नंतर पाहा, आधी वर्कशॉप पाहा. पीएलसीचे बोर्ड किती, मुले किती? बोर्डांवरची धूळ पुसली जाते का? मुलांच्या हाताला काळे लागले आहे का? शिकाऊ उमेदवारीला मुले कुठे जातात, हे प्राचार्यांना न विचारता शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. नाव मेकॅट्रॉनिक्सचे आणि शिकवणे फळ्यावरचे, असे असेल तर ती फी वाया गेली म्हणून समजा. त्यापेक्षा चांगल्या सरकारी आयटीआयमधला साधा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड बरा, आणि बाकीचे पुढे शिकता येते.

जर्मनीत ही विद्या १९९८ पासून रीतसर धंदेशिक्षण म्हणून मान्य आहे. साडेतीन वर्षे, काही दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात, असा तिथला रिवाज. त्याच धर्तीवर चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याने २०११ मध्ये मेकॅट्रॉनिक्सची शिकाऊ उमेदवारी सुरू केली. मर्सिडीज कंपनीने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर मोटारींच्या मेकॅट्रॉनिक्सचा वेगळा अभ्यासक्रम चालवला. मोठ्या कंपन्यांना एक गोष्ट कळली आहे. असा माणूस बाजारात तयार मिळत नाही, तो आपल्या छपराखाली घडवावा लागतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. पहिली दोन-चार वर्षे पगार बेताचा, पाळ्या रात्रीच्या, आणि पुष्कळ ठिकाणी नेमणूक ठेकेदारामार्फत. 'शिकाऊ' म्हणून घ्यायचे आणि वर्षभर नुसते खोके उचलायला लावायचे, हेही घडते. मुलाला घालताना उमेदवारीचा करार लेखी मागा. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, त्याखाली नोंद झाली की नाही ते विचारा, विद्यावेतन खात्यात जमा होते का पाहा. लाजू नका. उसाच्या वजनाची पावती आपण मागतोच ना?

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. तोडणी यंत्र आले की कोयता थांबतो. जे लोक दरवर्षी संसार गाडीवर घालून आपल्याकडे येतात, त्यांचे काय? यंत्र थांबवता येणार नाही, आणि कोयताही काही सुखाचा धंदा नव्हे. पण त्या टोळ्यांतली पोरे यंत्राच्या मिस्त्रीगिरीला का जाऊ नयेत? यंत्राने ज्याचे काम घेतले, त्याच्या मुलाला यंत्राचे काम शिकायची पहिली संधी मिळावी, हा मला साधा न्याय वाटतो.

मुलींविषयीही तेच. मल्टिमीटर उचलायला पैलवान लागत नाही, डोके शांत लागते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची योजना आणली आहे. आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमाला व कॉलेजला ती लागू आहे का, याची चौकशी प्रवेशाच्या वेळी अवश्य करावी.

शेवटी संचालक मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. एक, हंगाम संपल्यावर मिल, टर्बाइन, सेंट्रिफ्युगल सगळे उघडले जाते, ते दोन-तीन महिने जवळच्या आयटीआय व तंत्रनिकेतनाच्या मुलांना रीतसर शिकायला द्यावेत. असे वर्कशॉप कोणत्याही कॉलेजकडे नाही. दोन, दरवर्षी सभासदांच्या आणि तोडणी कामगारांच्या मिळून काही मुला-मुलींची कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून निवड करावी, आणि ती चिठ्ठीवर न होता परीक्षेवर व्हावी. तीन, त्यांच्याबरोबर आपले एक-दोन जुने फिटर बसवावेत. कानाने यंत्र ओळखणारा माणूस आणि पडद्यावरचा नंबर वाचणारा मुलगा एका बाकावर बसले तर दोघेही शिकतील.

प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याला कारखाना काय चालवता येणार, असे म्हणणारे लोक होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ते खोटे ठरवले. पुढे १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि उसाच्या पट्ट्यात कॉलेजे उभी राहिली. इमारती झाल्या, पाट्या लागल्या. आता आतल्या बाकांवर हत्यारे आणि हत्यारे धरणारे हात पाहिजेत, एवढेच बाकी राहिले.

माझ्या पुतण्याने पदविकेचा अर्ज भरला आहे. यादी अजून लागायची आहे. पहिल्या वर्षाचा वसतिगृहाचा खर्च मी उचलीन असे दादाला सांगितले आहे, आणि रस्त्याकडेचा तुकडा तूर्त गहाण पडलेला नाही. दादा अजून नीट बोलत नाही. वहिनीने मात्र परवा फोनवर हळूच विचारले, "भावोजी, त्या वर्कशॉपात पायात बूट देतात ना?" देतात, म्हणून सांगितले. आणि न दिले तर आपण घेऊन द्यायचे.

तेव्हा यंदा बांधावर कोणी विचारले, "साहेब, पोराला कुठं घालू?" तर मी आधी उलट विचारणार आहे, त्याच्या हाताला काय आवडतं?

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग